ट्वीटरची तार: सरळ की उलटी?

नमस्कार. इथे जमलेले बहुतेकजण घरी स्पीकर बांधणारे आहेत, काहींनी पेट्याही सोबत आणल्या आहेत, म्हणून थेट तारेपाशीच येतो. पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १८ मिलिमीटरचा प्लाय आणायचा, तपकीर गल्लीत कॉइल आणि कपॅसिटर शोधायचे, पेटीला पॉलिश करायचं, यात आपले महिने जातात. ट्वीटरच्या, म्हणजे पेटीतल्या बारीक सुरांच्या छोट्या युनिटच्या, दोन तारा मात्र अर्ध्या मिनिटात लावून होतात. लालला लाल, काळ्याला काळी. पण त्या लाल ठिपक्याचा अर्थ एवढाच, की तिथे प्लस दिला तर पडदा बाहेर येईल. तो वूफरशी, म्हणजे जाड सुरांच्या मोठ्या युनिटशी, जुळेल का, हे ठिपका सांगत नाही.

क्रॉसओव्हर, म्हणजे जाड सूर वूफरकडे आणि बारीक ट्वीटरकडे वाटणारं सर्किट, जिथे वाटणी करतं, समजा २५०० हर्ट्झला, तिथे दोन्ही युनिटं एकाच वेळी वाजत असतात. एक हवा पुढे ढकलत असताना दुसरं मागे ओढत असेल, तर दोघांचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. आणि हा पट्टा आपल्या कानाला फार जवळचा. व्यंजनांची धार इथे असते. माझ्या पहिल्या जोडीवर तानपुरा लावला की खर्ज भरदार यायचा, पण जवारी, म्हणजे तारेचा झणकार, मिटल्यासारखी. मी कपॅसिटर बदलले, पेटीत कापूस कमी-जास्त केला, सगळं केलं. तारांकडे पाहिलंच नाही, कारण त्या मी नियमाप्रमाणे लावल्या होत्या.

नियम तुम्हाला माहीत आहे. १२ डेसिबलच्या, म्हणजे दर सप्तकाला आवाज १२ डेसिबलने उतरवणाऱ्या क्रॉसओव्हरमध्ये दोन युनिटांच्या लाटांत १८० अंशांचा फरक पडतो, एक पुढे तर दुसरं मागे, म्हणून ट्वीटर उलटा. २४ डेसिबलच्या लिंकविट्झ-रायली रचनेत ३६० अंश, म्हणजे पुन्हा एकत्र, म्हणून सरळ. ६ आणि १८ मध्ये ९० अंशांचं अंतर राहतं. तिथे कागदावर दोन्ही चालतं. या रचनेला ज्यांचं नाव आहे त्या अभियंते सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ मध्ये ती मांडली, तेव्हाच दोन युनिटं एका पातळीत नसल्यामुळे काय होतं हाही त्यांच्या विचाराचा भाग होता. आपण उतार तेवढा उचलला, ते दुसरं राहून गेलं.

माझी चूक तिथेच होती. हे उतार कानावर येणाऱ्या आवाजाचे आहेत, नुसत्या सर्किटचे नाहीत. खालच्या सुरांकडे ट्वीटरचा आवाज स्वतःच उतरायला लागतो. एक कॉइल, एक कपॅसिटर लावून आपण १२ डेसिबल म्हणतो, पण त्याचा स्वतःचा उतार त्यात मिसळला की प्रत्यक्षात १८ किंवा २४ च्या जवळ जातं. शिवाय सपाट फळीवर ट्वीटरचा घुमट पुढे आणि वूफरची कॉइल मागे असते. २५०० हर्ट्झच्या लाटेची लांबी जेमतेम पावणेचौदा सेंटिमीटर. वूफर अडीच सेंटिमीटर मागे असला तरी ६५ अंशांचा फरक तिथेच पडला. सर्किटचा कागद हे कुठून दाखवणार?

म्हणून ऐकून, मोजून ठरवायचं. आधी वूफर तपासा: दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा, लाल टोकाला प्लस दिल्यावर कोन बाहेर आला पाहिजे. खुणेवर विसंबू नका. जेबीएलच्या कित्येक जुन्या युनिटांत काळ्या टोकाला प्लस दिला की कोन बाहेर येतो. ट्वीटरला मात्र सेल थेट लावू नका. त्याची हालचाल डोळ्यांना दिसत नाही आणि नाजूक कॉइलला उगाच त्रास.

मग ट्वीटरच्या तारा पेटीबाहेर काढा, क्रोकोडाइल क्लिप लावा. एकच स्पीकर चालू ठेवा. पिंक नॉइज, म्हणजे सगळे सूर एकत्र असलेला सळसळता आवाज, लावा. एका सुराची शिट्टी नको, भिंतींवरून परतणारा आवाज फसवतो. माइक एक मीटरवर, ऐकताना कान जिथे येतो त्या रेषेत. आपल्याकडे गादीवर मांडी घालून ऐकणारे पुष्कळ आहेत, त्यांनी माइक सोफ्याच्या हिशेबाने ठेवू नये. उंची बदलली की दोन्ही युनिटांपासूनचं अंतर बदलतं. फोनवरचं स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप चालेल. फोनचा माइक अचूक नसतो हे खरं, पण आपण दोन जोडण्यांची तुलना करतोय, आणि त्याची चूक दोन्हीकडे सारखीच असते. आवाजाची पातळी आणि माइक मात्र हलू देऊ नका.

एकदा सरळ, एकदा उलटं. ज्या जोडणीत अ‍ॅपच्या आलेखावर क्रॉसओव्हरपाशी खोल खड्डा पडतो, तिची उलटी जोडणी बरोबर. खड्डा जितका खोल, तितकी दुसरी जोडणी चांगली जुळलेली. माझ्या जोडीत तो ट्वीटर उलटा असताना पडला; म्हणजे नियमाने केलेलंच नडत होतं. तारा फिरवल्या आणि जवारी उघडली. त्या दिवशी मी तासभर नुसता तानपुरा ऐकत बसलो.

खड्डा दोन्हीकडे उथळ, सारखाच दिसला, तर युनिटं ९० अंशांच्या आसपास आहेत. तिथे तारा फिरवून काही साधत नाही, कॉइल-कपॅसिटरची मापं बदलावी लागतात.

ठरलं की दोन्ही पेट्यांत तीच जोडणी करा आणि आत खडूने लिहून ठेवा. आता ही समोरची पेटी घेऊ. मागच्या रांगेतून कोणीतरी क्लिप बदलायला पुढे या; बाकीच्यांनी कोणती जोडणी आहे ते न बघता ऐका.