माटोळीच्या दिवसांत तोरांचा वास

नमस्कार श्रोतेहो.

आज दोन हिरव्या वासांबद्दल, म्हणजे अत्तरांबद्दल बोलते. न्हाऊन कामावर निघताना रोज लावावेत असे. एक एलिझाबेथ आर्डेनचा 'ग्रीन टी', 1999 सालचा, फ्रान्सिस कुर्कजियान यांनी केलेला. दुसरा एर्मेसचा 'अँ जार्दँ स्युर ल नील', म्हणजे नाईलकाठची बाग, 2005 सालचा, जाँ-क्लोद एलेना यांचा. एलेना इजिप्तला आस्वानला गेले, तिथं झाडाला लोंबणारे कच्चे आंबे त्यांनी हुंगले आणि त्यावरच अत्तर उभं केलं. कच्चे आंबे, श्रोतेहो. म्हणजे आपली तोरं!

तर या तोरांनी मला कसं अडकवलं ते ऐका. चतुर्थी दोन दिवसांवर आलेली. मी गोव्यातल्या फोंड्याच्या बसमध्ये, मनगटावर हे 'नील' मारलेलं, मांडीवर कापडी पिशवी. शेजारी एक आजी माटोळीच्या (म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-फुलं टांगतो त्या चौकटीच्या) बाजाराला निघालेली. पुढच्याच थांब्यावर तिनं नाक वर केलं. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पिशवीकडे. मग हळूच, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असं, ''बाये, तोरां खंय मेळ्ळीं गो?''

भाद्रपदात तोरं! मी म्हटलं, नाहीत हो आजी. तिला पटेना. माटोळीला दुर्मीळ फळ मिळालं की कोणी ठिकाण सांगत नाही, हे तिला पुरतं ठाऊक. शेवटी पिशवी उघडून दाखवली. छत्री, डबा, पाकीट. मग मनगट पुढं केलं. तिनं हुंगलं, डोळे मिटले, पुन्हा हुंगलं. आणि कपाळाला हात लावून म्हणाली, ''वास माटोळेक कसो बांदूं गो?'' कंडक्टरसुद्धा हसला.

(आता माटोळीचं निघालंच आहे म्हणून सांगते, ती प्लॅस्टिकची फळं टांगणं सोडा बघू. रानातली चार कांगलां, दोन घागऱ्या टांगा, पण खऱ्या टांगा.)

हां, तर फरक. 'ग्रीन टी'त लिंबू, बर्गामॉट (लिंबाच्याच कुळातलं फळ), पुदिना आणि मागून चहा. लिंबाचा वास हलका, तो आधी उडतो; आपल्या उकाड्यात तर बस पणजीला पोचायच्या आत. म्हणून पुन्हा सांगते, लिंबू आधी उडतो. गंमत म्हणजे अत्तरात हिरव्या चहाची वाट त्याआधी बुल्गारी या कंपनीसाठी पाडली ती याच एलेनांनी. 'नील'मध्ये तोर, कमळ आणि खाली वेखंड. हो, बाळाला न्हाऊ घातल्यावर लावतो तेच वेखंड! त्यामुळे तो मला परका वाटतच नाही. टिकतोही जास्त. किंमत मात्र चहापेक्षा बरीच चढी.

माझं म्हणाल तर रोजच्याला चहा. छोटी बाटली पर्समध्ये ठेवा, दुपारी परत मारा. 'नील'ही लावा, जरूर लावा. फक्त चतुर्थीच्या तोंडावर फोंड्याची बस धरणार असाल तर नको.