तुलना कुणाशी?

[दृश्य: जुना कृष्णधवल फोटो. तीन तरुण बायका, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. कॅमेरा डावीकडच्या साडीतल्या बाईवर थांबतो.]

हा फोटो तुम्ही पाहिलाय. 10 ऑक्टोबर 1885, फिलाडेल्फिया. डावीकडे आनंदीबाई जोशी, मधे जपानच्या केइको ओकामी, उजवीकडे सिरियाच्या सबात इस्लामबुली. शाळेच्या पुस्तकात असतो, आठ मार्चला व्हॉट्सअॅपवर हमखास येतो. खाली एक ओळ असते, 1886 साली पदवी मिळाली म्हणून, आणि बहुतेक वेळा गोष्ट तिथंच संपते.

आपण आज त्या फोटोतल्या बायकांपेक्षा फोटोमागच्या कॉलेजकडे, फिलाडेल्फियाच्या 'विमेन्स मेडिकल कॉलेज'कडे, जरा जास्त बघणार आहोत. कारण त्या कॉलेजला एक प्रश्न कायमचा चिकटलेला होता: बाईला डॉक्टर केलं, पुढं काय? ती डॉक्टरकी करते का? वर चढते का? आणि चढली, तर ती आपल्यामुळे चढली हे कसं ठरवायचं?

[दृश्य: फिलाडेल्फियाचे जुने रस्ते, कोरीव चित्रं.]

हे कॉलेज सुरू झालं 1850 मध्ये, फक्त बायकांसाठी. 1851 ची पहिली तुकडी आठ जणींची. त्यातल्याच ॲन प्रेस्टन 1866 मध्ये कॉलेजच्या डीन झाल्या. मुलींना खरे रोगी बघायला मिळावेत म्हणून त्यांनी शहरातल्या मोठ्या रुग्णालयांची दारं ठोठावली. नोव्हेंबर 1869 मध्ये पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलचं दार उघडलं. मुली आत गेल्या, तर पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली, कागदाचे बोळे फेकले, अंगावर तंबाखूच्या पिचकाऱ्या मारल्या. मुली तास संपेपर्यंत बसून राहिल्या.

उघड उघड थुंकणाऱ्यांपेक्षा शहाणपणाने बोलणाऱ्यांचा आक्षेप जास्त अवघड होता. शिकतील हो, ते म्हणायचे, पण लग्न झालं की सोडतील. तब्येत साथ देणार नाही. एक जागा वाया. हे वाक्य आपल्याकडे मेडिकलला नंबर लागलेल्या मुलीच्या घरी अजून कुणी ना कुणी बोलून जातं, त्यामुळे ओळख करून द्यायला नको.

याला उत्तर द्यायचं ठरवलं रेचल बॉडली यांनी. मूळच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका, 1874 पासून कॉलेजच्या डीन. पुढे आनंदीबाईंचा कॉलेजप्रवेश झाला तो यांच्याच कारकिर्दीत, आणि पंडिता रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली तीही यांनीच. 1881 मध्ये बॉडलीबाईंनी त्या वेळी हयात असलेल्या 244 माजी विद्यार्थिनींना प्रश्न पाठवले. प्रॅक्टिस करता का? कसली? वर्षाला मिळकत किती? आणि या पेशाचा पत्नी म्हणून, आई म्हणून तुमच्या संसारावर काय परिणाम झाला?

189 जणींनी उत्तरं पाठवली. बहुसंख्य बायका प्रॅक्टिसमध्ये होत्या. संसाराच्या प्रश्नाला बहुतेकींचं उत्तर होतं: चांगला परिणाम झाला. बॉडलीबाईंनी हे आकडे पदवीदान समारंभात वाचून दाखवले.

मला हे वाचताना फार आवडलं. रसायनशाळेतली बाई आहे, वाद घालत बसली नाही, मोजून दाखवलं. पण मग मन खोडी काढतंच. 244 मधून 189 वजा केले की 55 उरतात. त्या 55 जणींचं काय झालं? ज्याचं बरं चाललंय तो पत्राला उलट टपाली उत्तर लिहितो. ज्याचं बिनसलंय त्याच्याकडून उत्तर यायला वेळ लागतो, कधी येतच नाही.

या 55 जणींना लक्षात ठेवा.

[दृश्य: आजचं फिलाडेल्फिया. विद्यापीठाची इमारत, कोट घातलेल्या डॉक्टर बायका जिने चढतायत.]

शंभरावर वर्षं पुढं येऊ. 1970 पासून कॉलेजात मुलगेही यायला लागले होते आणि नावातून 'बायकांचं' हा शब्द गेला होता. अमेरिकेतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये आता चाळीस टक्क्यांच्या वर मुली होत्या. डीनच्या खुर्चीत मात्र बायका बोटांवर मोजण्याइतक्या. शिरकाव झाला होता, अडलं होतं ते जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर.

1995 मध्ये याच संस्थेत एक वर्षाचा कार्यक्रम सुरू झाला, मेडिकल कॉलेजांतल्या प्राध्यापिकांना वरच्या पदांसाठी तयार करणारा. नाव लांबलचक आहे, सगळे त्याला 'ईलॅम' म्हणतात. सुरू करणाऱ्यांत पुढे होते डॉ. वॉल्टर कोहेन, संस्थेचे कुलपती, पेशाने हिरड्यांचे डॉक्टर. (दंतवैद्यांचा या गोष्टीशी काही योग आहे खरा. गोपाळराव जोश्यांचं मिशनऱ्यांना लिहिलेलं पत्र छापून आलं होतं, ते न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंच्या हाती लागलं ते दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट बघताना. तिथून आनंदीबाईंची अमेरिका सुरू झाली.) कार्यक्रमाची घडी बसवली सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ पेज मोराहान यांनी.

काय शिकवतात तिथं? 'आत्मविश्वास वाढवा' छापाची व्याख्यानं डोळ्यांसमोर आली असतील तर पुसून टाका. इथं मुख्य विषय पैसा. मेडिकल कॉलेजचा पैसा येतो कुठून, रुग्णालयातून किती, संशोधनातून किती, कुठला विभाग तोट्यात आहे आणि तरी का चालवतात. आपल्याच कॉलेजच्या डीनला, हिशेब बघणाऱ्या अधिकाऱ्याला जाऊन भेटायचं, प्रश्न विचारायचे, हा गृहपाठ. बारा-पंधरा वर्षं उत्तम शस्त्रक्रिया करणाऱ्या बाईला बऱ्याचदा हीच खोली आतून दाखवलेली नसते. वर्षभरात काही वेळा सगळ्या एकत्र राहायला येतात, छोटे गट करतात, आणि प्रत्येक जण आपल्या संस्थेतला एक खराखुरा प्रश्न घेऊन त्यावर काम करते. वर्षाच्या शेवटी डीन मंडळी फिलाडेल्फियाला येतात आणि त्यांच्यासमोर ते मांडायचं. आजवर हजाराहून जास्त बायका यातून गेल्यात.

एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. रुग्णालयाचा ताळेबंद कसा वाचावा हे इथं शिकवलं जात होतं, आणि 1998 च्या जुलैमध्ये ज्या मोठ्या वैद्यकीय न्यासाच्या छत्राखाली हा कार्यक्रम होता त्याचंच दिवाळं निघालं. कर्ज सुमारे 1.3 अब्ज डॉलर. कॉलेज ड्रेक्सेल विद्यापीठाने चालवायला घेतलं, कार्यक्रम टिकला. त्या वर्षीच्या बायकांना पुस्तकाबाहेर जायची गरज पडली नसावी.

[दृश्य: कट. महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं गाव. चौकात क्लासचं होर्डिंग, त्यावर गुणवंतांचे पासपोर्ट फोटो, खाली टक्के.]

आता मुद्द्याचं. हा कार्यक्रम उपयोगी आहे का?

हे होर्डिंग बघा. दर जूनमध्ये लागतं. आमच्या क्लासचे इतके विद्यार्थी मेडिकलला. बघणारा बाप फी भरतो. पण त्याच क्लासची 'विशेष बॅच' असते, आणि तिच्यात दहावीला पंच्याण्णवच्या पुढचीच मुलं घेतात. मग ती मुलगी क्लासमुळे मेडिकलला गेली, की ती जाणारच होती आणि क्लासने फक्त फोटो लावला? लातूरपासून कोट्यापर्यंत या प्रश्नाचं उत्तर कुणी सहसा देत नाही, कारण उत्तर द्यायचं तर ज्यांना बॅचमध्ये घेतलं नाही त्या मुलांच्या घरी जाऊन निकाल विचारावा लागेल.

ईलॅमचीही विशेष बॅचच. अर्ज करायला आधी तुमच्या डीनने नाव सुचवावं लागतं, संस्थेने खर्चाचा भार उचलावा लागतो. म्हणजे आत येणारी बाई आधीच कुणाच्या तरी नजरेत भरलेली. पुढे ती विभागप्रमुख झाली, तर टाळ्या कुणासाठी?

सुरुवातीच्या पाहण्या आपल्या ओळखीच्या होत्या. कार्यक्रमाआधी विचारलं, तुम्हाला नेतृत्व कितपत जमतं? नंतर पुन्हा विचारलं. 2004 मध्ये छापून आलेल्या अशाच एका अभ्यासात बायकांनी स्वतःला दुसऱ्यांदा बरेच जास्त गुण दिले. यात खोटं काही नाही. पण आपणही शिबिराच्या शेवटच्या दिवशी फॉर्म भरलेत. जेवण उत्तम, व्याख्याते उत्तम, खूप शिकायला मिळालं. बस पकडायची असते.

2008 मध्ये आलेला अभ्यास वेगळा आहे, आणि त्याच्यासाठीच मी ही फिल्म करायला घेतली. संशोधकांनी तीन गट घेतले. पहिला, कार्यक्रम केलेल्या बायका. दुसरा, देशभरच्या अध्यापकांच्या नोंदवहीतून निवडलेल्या, साधारण त्याच पायरीवरच्या बायका. आणि तिसरा गट, ज्यांनी ईलॅमला अर्ज केला होता आणि ज्यांना नकार मिळाला होता.

[दृश्य: टेबलावर एक लिफाफा. हात तो उघडत नाही.]

जरा कल्पना करा. तुम्ही अर्ज केला, डीनकडे शब्द टाकला, घरी सांगितलं. नकार आला. काही वर्षांनी त्याच लोकांचं पत्र येतं: आम्ही तुम्हाला घेतलं नव्हतं, आता तुमचं कसं चाललंय ते या लांबलचक प्रश्नावलीत भरून द्याल का? आणि डझनावारी बायकांनी ती भरून दिली. होर्डिंगवर ज्यांचा फोटो कधीच लागणार नाही अशा या बायका. त्यांनी शांतपणे आपलं पद, आपली महत्त्वाकांक्षा, आपली तयारी लिहून पाठवली, आणि त्यांच्यामुळे बाकीच्या सगळ्या आकड्यांना वजन आलं.

निकाल असा. पद, दर्जा, नेतृत्वाची तयारी, पुढची आकांक्षा अशा 16 निकषांवर तिन्ही गट तपासले. नोंदवहीतल्या बायकांपेक्षा कार्यक्रम केलेल्या बायका जवळजवळ सगळीकडे स्पष्टपणे पुढे. नकार मिळालेल्यांशी तुलना केली की मात्र हे अंतर आटतं. बऱ्याच निकषांवर अजूनही पुढे, पण काही ठिकाणी फरक इतका लहान की तो योगायोगही असू शकतो.

ही घट मला मोलाची वाटते. पहिल्या तुलनेत दिसलेल्या यशातला एक भाग त्या बायकांच्या मूळच्या धडाडीचा होता, तो गाळून टाकल्यावर उरलं ते कार्यक्रमाचं. तेही पूर्ण खात्रीने नाही, कारण निवडलेल्या आणि नाकारलेल्या बायका एकसारख्या असत्या तर निवड समितीने इतके दिवस केलं काय? चिठ्ठ्या टाकून निवड केली असती तर उत्तर स्वच्छ मिळालं असतं. पण डीनने सुचवलेल्या प्राध्यापिकेचं भवितव्य चिठ्ठीवर सोडायला कोण तयार होईल?

पुढच्याच वर्षी दुसरा एक अभ्यास आला, त्यात डीन मंडळींना विचारलं होतं. त्यांनीही चांगलं मत दिलं. बाईला झालेल्या फायद्याला मात्र संस्थेला झालेल्या फायद्यापेक्षा किंचित जास्त गुण. नंतर, 2016 मध्ये, अशा कार्यक्रमांतून गेलेल्या बायका इतरांपेक्षा अध्यापनाची नोकरी कमी सोडतात असंही दिसून आलं. तिथंही होर्डिंगची शंका आहेच, पुन्हा उगाळत नाही.

माझी खरी अडचण दुसरीच आहे. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेचा 2018-19 चा अहवाल घ्या. पूर्णवेळ अध्यापकांत बायका 41 टक्के. पूर्ण प्राध्यापकांत 25. विभागप्रमुखांत 18, डीनमध्ये 18. कार्यक्रम सुरू होऊन तेव्हा जवळपास पाव शतक झालं होतं. पूर्वीपेक्षा पुष्कळ बरं, मान्य. पण दीडशेच्या वर मेडिकल कॉलेजं असलेल्या देशात वर्षाला काही डझन बायकांना हिशेब वाचायला शिकवून हा जिना किती रुंद होणार? खुर्ची कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या समितीने वर्षभराचा कार्यक्रम कधी केला? त्या समितीला प्रश्नावली कुणी पाठवली? प्रत्येक मोजपट्टी बाईच्या अंगाला लावून बघितली जाते, दाराच्या चौकटीला क्वचित. आणि डीनने नावच सुचवलं नाही अशी जी बाई, ती तर तिन्ही गटांत नाही. नाकारलेल्यांतही नाही.

[दृश्य: कोल्हापूर, सीपीआर रुग्णालयाची दगडी इमारत. सकाळची ओपीडीची रांग.]

शेवटी पुन्हा आनंदीबाई. 11 मार्च 1886 ला त्या पदवीधर झाल्या. कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली. एकविसाव्या वर्षी विभागप्रमुख म्हणा ना. त्या परतल्या त्या आजारी होऊनच, आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. कोल्हापूरला रुजू व्हायचं राहिलं.

समजा, 1881 सारखीच प्रश्नावली बॉडलीबाईंनी 1887 मध्ये पुन्हा छापली असती आणि या नावापुढचा कागद स्वतः भरला असता. प्रॅक्टिस करता का? नाही. वर्षाची मिळकत? निरंक. पद? देऊ केलेलं, घेतलेलं नाही.

[दृश्य: कॉलेजच्या पदवीधरांची यादी. बोट 1886 वरून खाली सरकतं आणि 1892 वर थांबतं.]

याच यादीत सहा वर्षांनी आणखी एक नाव आहे. डॉ. गुरुबाई करमरकर. पदवी घेऊन त्या मुंबईला आल्या आणि अमेरिकन मराठी मिशनच्या कामात वर्षानुवर्षं रोगी तपासत राहिल्या. आनंदीबाईंच्या कागदावर त्यांच्यासाठी रकाना नव्हता.