यंत्राचं गप्प राहणं

मित्रहो, किशोरांसाठी विज्ञानकथा लिहिणाऱ्यांशी बोलायचं ठरलं, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो सर्कशीला विकलेला मुलगा. ओसामु तेझुका यांची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही जपानी चित्रमालिका १९५२ साली सुरू झाली. तिच्या नायकाची जन्मकथा अशी आहे : एका शास्त्रज्ञाचा मुलगा अपघातात जातो. दुःखाने वेडापिसा झालेला बाप हुबेहूब त्याच्यासारखा यंत्रमुलगा घडवतो आणि त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळू लागतो. पण हा मुलगा काही केल्या वाढत नाही. उंची आहे तेवढीच राहते. शेवटी बापाचा राग अनावर होतो आणि तो त्याला सर्कशीत विकून टाकतो.

तेरा-चौदा वर्षांचा वाचक हे वाचताना यंत्रशास्त्राचा विचार करत नाही. तो बापाकडे बघत असतो. घरच्यांनी आपलं एक चित्र मनाशी रंगवलंय आणि आपण तसे निघालो नाही तर काय, ही धास्ती त्या वयात रोज उशाशी असते. म्हणून माझा आग्रह आहे, की तुमच्या कथेतल्या सचेतन यंत्राचं वय आधी ठरवा. ते वयात येणारंच असू द्या. मला कुणी घडवलं, कशासाठी घडवलं आणि ते काम मला नको असेल तर? हे तीन प्रश्न यंत्राचे आहेत तसेच त्या मुलांचेही आहेत.

‘रोबो’ हा शब्दसुद्धा तिसऱ्या प्रश्नातूनच आलाय. चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० साली छापलेल्या नाटकातून तो जगभर गेला. सुचवला होता त्यांच्या भावाने, योसेफने. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठबिगार. शब्दातच वेठ आहे, मग ती नाकारणंही आज ना उद्या येणारच.

आता मला जरा मागे जाऊन एका जागी थांबायचंय. मेरी शेली यांनी १८१६च्या उन्हाळ्यात ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहायला घेतलं तेव्हा त्या १८ वर्षांच्या होत्या. म्हणजे आपण ज्यांच्यासाठी लिहितो, त्यांच्यापेक्षा थोड्याच मोठ्या. १८१८ साली पुस्तक आलं ते लेखिकेच्या नावाशिवाय. त्यातला जीव हाडामांसाचा आहे, यंत्र नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरी माणसाने घडवलेल्या जिवाची जाणीव आतून कशी दाखवायची, हे मी तिथेच शिकलो.

निर्मात्याने टाकून दिलेला तो जीव एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो. फळ्यांमधल्या फटीतून शेजारचं कुटुंब बघतो. त्यांचं बोलणं ऐकून एकेक शब्द उचलतो : विस्तव, दूध, पाव, लाकूड. भूक लागली की रात्री त्यांच्यातलं थोडं अन्न चोरतो. मग त्याच्या लक्षात येतं, की ही माणसं गरीब आहेत आणि आपण खाल्लं की त्यांना कमी पडतं. त्या दिवसापासून तो चोरी थांबवतो, रानातली फळं-कंदमुळं खाऊन राहतो. आणि रात्रीच्या अंधारात सरपण गोळा करून त्यांच्या दाराशी आणून ठेवतो.

त्याला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मला वाटतं, जाणीव दाखवायची जागा हीच. पुढे तो धीर करून घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्याशी बोलायला जातो. म्हातारा त्याच्याशी मायेने बोलतो. मग डोळस मुलगा घरी येतो आणि त्याला काठीने बडवून काढतो. आजही ते पान वाचताना माझा हात थांबतो.

संगणकशास्त्राचा पाया घालणारे गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५०च्या आपल्या प्रसिद्ध लेखात असं सुचवलं होतं, की प्रौढ माणसाच्या बुद्धीचं यंत्र करण्याऐवजी लहान मुलाच्या बुद्धीचं करून त्याला शिकवावं. आणि तिथेच त्यांनी एक अडचण नोंदवलीय : या यंत्राला शाळेत पाठवता येणार नाही, कारण बाकीची मुलं त्याची फार टर उडवतील. त्या एका वाक्यात किशोर कादंबरी आहे, कुणीतरी लिहायला घ्या!

एक मात्र टाळा. ‘मलाही भावना आहेत’ असं यंत्राच्या तोंडी घालू नका. संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबॉम यांचा ‘एलायझा’ हा टाइप करून गप्पा मारणारा प्रोग्राम १९६६ सालचा. तो समोरच्याचंच वाक्य प्रश्न करून परत द्यायचा, एवढंच. तरी तो तयार होताना महिनोन्‌महिने पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी चार वाक्यं बोलून झाल्यावर वायझेनबॉम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. आजची मुलं तर बोलणाऱ्या यंत्रांसोबतच वाढताहेत. शब्द जुळवता येतात, हे त्यांना आपल्याआधी कळलंय.

एका लेखन शिबिरात चौदा वर्षांच्या एका मुलीने गोष्ट लिहून आणली होती. घरात आजीला गोळ्यांची आठवण करून देणारं यंत्र असतं. रोज रात्री नऊला ते म्हणतं, “आजी, गोळी.” एक दिवस आजी वारते. त्या रात्रीही नऊला आवाज येतो, “आजी, गोळी.” दुसऱ्या रात्रीही. घरात कुणाला ते बंद करायला हात होत नाही. नात रोज नऊला त्याच्यासमोर जाऊन बसते. बाराव्या दिवशी नऊ वाजतात, नऊ वाजून एक मिनिट होतं. यंत्र गप्प. नात मागे जाऊन बघते, तर बटण चालूच आहे, हिरवा दिवा लागलेला आहे.

मी तिला विचारलं, “यंत्राला वाईट वाटलं, असं एक वाक्य शेवटी टाकायचंस का?”

ती म्हणाली, “सर, गोष्ट नात सांगतेय. तिला कुठे माहितीय?”

मग वही माझ्याकडून परत घेतली आणि एका जागी खोडून दुरुस्ती केली. नऊ वाजून एक मिनिट होतं, त्याचं तिने सात मिनिटं केलं.