पावशेर, अर्धा किलो, पाऊण किलो

(नाशिकमध्ये व्यापारी आणि बागायतदारांपुढे दिलेलं व्याख्यान. शब्दांकन करताना थोडं आटोपशीर केलं आहे.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, 'परवडणारं, लहान, अंगावर बाळगता येईल असं रिव्हॉल्व्हर'. त्यामुळे पहिल्या रांगेतली मंडळी मघापासून माझ्या पिशवीकडे बघताहेत. पिशवीत रिव्हॉल्व्हर नाही. भरल्या सभेत शस्त्र काढून दाखवणारा माणूस तुम्हाला शस्त्र कसं निवडावं हे सांगायच्या लायकीचा नसतो. पिशवीत बेदाणे आहेत. तीन पुडे. एक पावशेर, एक अर्धा किलो, एक पाऊण किलो. सगळे वजनकाट्यावर मोजून आणलेत, व्यापाऱ्यांपुढे उगाच फजिती नको.

पावशेराचा पुडा म्हणजे 'निडर'. इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं पॉइंट टू-टू बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप) रिव्हॉल्व्हर, वजन २५० ग्रॅम. बाजारात आलं तेव्हा किंमत पस्तीस हजारांच्या आसपास होती. अर्धा किलो म्हणजे 'निर्भीक', कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीचं, पॉइंट थर्टी-टू बोअर. २०१४च्या जानेवारीत आलं, दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर, महिलांसाठी म्हणून. किंमत तेव्हाच १,२२,३६० रुपये. पाऊण किलोचा पुडा म्हणजे कानपूरचं जुनं, सरळसाधं थर्टी-टू, ज्याला दुकानात नुसतं 'आयओएफ', म्हणजे इंडियन ऑर्डनन्स फॅक्टरी, म्हणतात. २०२३ साली आलेलं 'प्रबल'ही साधारण याच पुड्यातलं, ७०० ग्रॅमच्या आसपास. त्याचं सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचं फिरतं नळकांडं, बाजूला उघडतं, निर्भीक किंवा आयओएफसारखं मधून मोडून उघडावं लागत नाही. जाहिरातीत त्याची पन्नास मीटर पल्ल्याची मोठी वाखाणणी झाली. स्वतःला वाचवायला निघालेल्या माणसाला पन्नास मीटरचं काय करायचंय? पन्नास मीटरवर माणूस उभा असेल तर आपण मागे फिरून पळायचं. उद्या कोर्टात पहिला प्रश्न हाच येईल, की पळाला का नाहीत. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि त्यातलं ३७वं कलम घरी जाऊन दोनदा वाचा. पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ होता, तर हा हक्क नाही. गरजेपेक्षा जास्त इजा केली, तरी नाही.

तुमच्यापैकी बरेच जण मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून आलेत, हे मला ठाऊक आहे. तिथे पाच गोळ्यांचं, आखूड नळीचं, 'थर्टी-एट स्पेशल' काडतुसाचं रिव्हॉल्व्हर म्हणजे घराघरातली वस्तू. स्मिथ अँड वेसन कंपनीने १९५०मध्ये असंच 'चीफ्स स्पेशल' काढलं, आणि त्या घराण्याचे चुलत-मावस भाऊ आजही तिथे स्वस्तात मिळतात. आपल्याकडे थर्टी-एट हा प्रतिबंधित बोअर. नाइन एमएमही. ही पोलिस-लष्कराची काडतुसं, सामान्य नागरिकाला सहसा नाहीत. म्हणून आपल्याकडे सगळं गाडं थर्टी-टूवर येऊन थांबतं. शिवाय ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला बाहेरून शस्त्र आणणं बंद झालं, त्यामुळे आजोबांच्या काळातलं विलायती वेब्ली रिव्हॉल्व्हर आज सोन्याच्या भावाने फिरतं. ते व्हिडिओ करमणूक म्हणून बघा. खरेदीची यादी त्यावरून करू नका.

आणि स्वस्ताईचा आणखी एक रस्ता आहे, जो कोणी व्याख्यानात विचारत नाही, चहाच्या वेळी कोपऱ्यात घेऊन विचारतात. गावठी कट्टा. विनापरवाना शस्त्र जवळ सापडलं तर किमान दोन वर्षं आणि पाच वर्षांपर्यंत कैद, ही २०१९च्या दुरुस्तीनंतरची शिक्षा. आणि ज्या नळीचं पोलाद कुठून आलं हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं, ती तुमच्या हातातच उघडू शकते. पुढे.

आता मला एक माणूस हवा. या, काका, तुम्ही या. हा अर्ध्या किलोचा पुडा. कमरेला लावा, उजवीकडे, सदऱ्याखाली. तुमचा पायजमा नाडीचा आहे, म्हणून मी हा पट्टा आणलाय. हं. आता खाली बसा. उठा. खाली पडलेलं पेन उचला. बघितलंत सगळ्यांनी? वाकताना सदरा वर गेला आणि पुडा दिसला. आणि उठताना काकांचा हात आपोआप कमरेकडे गेला, पुडा सावरायला. तुमच्या कमरेला काही आहे हे चोराला सांगणारी हीच खूण. काका, पुडा राहू द्या तसाच, जागेवर बसा.

लोकांना वाटतं, लपवून बाळगणं ही काहीतरी चोरटी गोष्ट आहे. उलट आहे. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र बाळगायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात हवं. लग्नाच्या वरातीत शेरवानीवरून पट्टा मिरवणारे जे महाभाग दिसतात, ते नियम मोडत असतात. त्यातून आनंदाने हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वजनाकडे परत येतो. पुडा हलका, तर बाळगायला सोपा, हे कळायला माझी गरज नाही. माझं सांगणं त्याच्या पुढचं आहे. खिशाला हलकं हवं असतं, हाताला जड हवं असतं, आणि पैसे खिशातून जातात म्हणून आपण नेहमी खिशाचं ऐकतो.

कसं ते सांगतो. आपल्याकडे चापालाही घोडा म्हणतात आणि मागच्या हॅमरलाही घोडा म्हणतात, मी हॅमरलाच घोडा म्हणेन. नुसता चाप ओढला की रिव्हॉल्व्हरमध्ये तीन कामं होतात. घोडा मागे जातो, सिलिंडर एक घर (म्हणजे काडतुसाची एक जागा) फिरतं, घोडा पडतो. तिन्ही कामं एका बोटाने. म्हणून तो ओढा जड असतो, साधारण पाच किलोच्या आसपास. आता हिशेब तुम्हीच करा. अर्ध्या किलोची वस्तू हातात धरलीय आणि तिच्यावर पाच किलोचा ओढा देताय. दहापट. वस्तू हलणार नाही तर काय होईल? नळी खाली जाते किंवा डावीकडे. आखूड नळीवर पुढच्या माशीपासून, म्हणजे नेम धरायच्या उंचवट्यापासून, मागच्या खाचेपर्यंत अंतरच थोडं, त्यामुळे हाताची एवढीशी चूक पुढे वीतभर होते. अंगठ्याने घोडा आधी मागे ओढून ठेवला तर ओढा निम्म्याहून कमी होतो, पण घाबरलेल्या माणसाच्या हातात उठवलेला घोडा मला नको. माझ्या विद्यार्थ्यांना मी तो फक्त कागदी निशाणावर वापरू देतो.

म्हणून दुकानात गेल्यावर किंमत विचारायच्या आधी हे करा. दुकानदाराची परवानगी घ्या. सिलिंडर रिकामं आहे हे त्याने बघावं आणि मग तुम्ही बघावं, दोघांनी. डमी काडतुसं घालायला सांगा. नळी सुरक्षित दिशेला धरा. नळीच्या वरच्या सपाट पट्टीवर, माशीच्या मागे, एक रुपयाचं नाणं ठेवा आणि नुसता चाप ओढा, सावकाश, सलग. नाणं पडलं? पडणारच. दहा वेळा करा. दहातून सहा-सात वेळा नाणं राहिलं तर ते शस्त्र तुमच्या हाताचं. पाचव्या वेळीच बोट दुखायला लागलं तर ते फुकट मिळालं तरी घेऊ नका. आमच्याकडे एक ताई शिकायला येत होत्या, द्राक्षबागेवर एकट्या राहणाऱ्या. घरच्यांनी त्यांच्यासाठी अर्ध्या किलोचं हलकं रिव्हॉल्व्हर ठरवून टाकलं होतं, बाईमाणूस म्हणून. हलक्यावर नाणं दहापैकी दोनदा राहिलं. पाऊण किलोवर सात वेळा. त्यांनी जड घेतलं, आणि ते हलक्यापेक्षा स्वस्तही पडलं.

एक सावधगिरी. टू-टूवर हा प्रयोग रिकाम्या घरावर करू नका. त्या काडतुसाचा स्फोटक भाग कडेला असतो, त्यामुळे रिकाम्यात पिन सिलिंडरच्या कडेवर आपटते आणि घर खराब होतं. टू-टूचं आणखी एक दुखणं म्हणजे कडेवर पेटणारं काडतूस अधूनमधून दगा देतं. रिव्हॉल्व्हर असल्यामुळे पुन्हा चाप ओढला की पुढचं घर येतं, हा त्यातला दिलासा. याच एका कारणासाठी, रोज सराव न करणाऱ्या माणसाला मी पिस्तूल न सुचवता रिव्हॉल्व्हर सुचवतो. स्लाइड नाही, मॅगझिन नाही, अडकलं की काय करायचं याचा पाढा नाही.

जुनं घेणाऱ्यांसाठी थोडं जास्त सांगतो, कारण यात मी स्वतः पोळलोय. माझं पहिलं रिव्हॉल्व्हर वापरलेलं होतं. किंमत ऐकूनच मी खूश. विकणाऱ्याने तेलपाणी करून आरशासारखं चकचकीत केलं होतं. पहिल्याच दिवशी रेंजवर माझ्या शेजारी उभ्या मित्राच्या गालावर काहीतरी चावल्यासारखं झालं. बोट लावलं तर रक्ताचा ठिपका. सिलिंडरचं घर नळीसमोर नीट येत नव्हतं, म्हणून गोळी नळीच्या तोंडावर घासून जायची आणि शिशाचे कण बाजूला उडायचे. डोळ्यावर गेलं असतं तर? तेव्हापासून रेंजवर चष्म्याशिवाय मी कोणाला उभं करत नाही.

म्हणून जुन्याचं चकाकणं बघू नका. घोडा उठवून, चाप दाबून ठेवून, सिलिंडर दोन बोटांनी हलवून बघा. किंचित हललं तर चालेल, खुळखुळलं तर परत द्या. प्रत्येक घरावर बघा, एकाच घरावर नाही. मोडून उघडणारं असेल तर बिजागरीत आणि कुलपात ढिलाई आहे का, ते वरखाली करून पाहा. सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट उजेडासमोर धरून बघा, आणि एवढं कायमचं लक्षात ठेवा की गोळी सुटताना त्या फटीतून तापलेला वायू बाहेर पडतो, तिथे दुसऱ्या हाताचं बोट कधीच नको. खूप जुन्या विलायती मालात घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर नसतो, हातातून पडलं तर बार उडू शकतो. तसलं असेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं, म्हणजे सहाचे पाच झाले. आणि शेवटी नंबर. शस्त्रावर कोरलेला आणि कागदावरचा, अक्षर न् अक्षर जुळवा. खाजगी परवानाधारकाकडून घेत असाल तर त्याने जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. 'आज पैसे द्या, आज घेऊन जा' म्हणणारा माणूस तुम्हाला शस्त्राबरोबर आणखी काहीतरी विकतोय.

परवान्याचं थोडक्यात, कारण ते तुम्हाला वकील सांगेलच. नाशिक शहरात पोलिस आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. वय एकवीस पूर्ण. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. जास्तीत जास्त दोन शस्त्रं, मुदत पाच वर्षं. पण परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं, तिकडे आपले लोक बघतच नाहीत. महाराष्ट्रापुरता परवाना खिशात आणि रविवारी कुटुंबाला घेऊन सापुताऱ्याला. सीमा ओलांडलीत की गुजरात. भजी खाईपर्यंत तुम्ही गुन्हेगार झालेले असता. तसंच शहरात वेळोवेळी मनाई आदेश निघतात, आता २०२७च्या सिंहस्थाच्या निमित्ताने ते अधिक निघतील. बाहेर पडण्याआधी वाचत जा.

बिबट्यासाठी म्हणून विचारणारे पाच-सहा जण तरी इथे असतील. उसात, मळ्यात बिबट्या येतो, मला मान्य आहे. पण तो १९७२च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, आणि अंधारात धावत्या बिबट्यावर तीन इंची नळीतून गोळी झाडून तुम्ही त्याला फक्त जखमी कराल. मग तो खरोखर अंगावर येईल. त्यासाठी उजेड, कुत्र्यांना बंदिस्त जागा आणि वनखात्याचा फोन.

खर्चाचं म्हणाल तर शस्त्राच्या किमतीवर थांबू नका. चाप पूर्ण झाकणारं, पट्ट्याला घट्ट बसणारं होल्स्टर. भिंतीत बसवलेली तिजोरी. सरावाची काडतुसं, आणि ती काही चण्या-फुटाण्याच्या भावात मिळत नाहीत. बजेट एक लाखाचं असेल तर सत्तरचं शस्त्र घ्या आणि तीस यासाठी ठेवा. उलटं करणारेच मी जास्त बघितलेत, भारी शस्त्र आणि वर्षाला सहा गोळ्यांचा सराव, तोही दसऱ्याला पूजा झाल्यावर. होल्स्टर चामड्याचं घेतलंत तर रात्री शस्त्र त्यात ठेवू नका. इगतपुरी-त्र्यंबककडच्यांनी तर मुळीच नाही. आपल्या पावसात चामडं ओल धरतं आणि पंधरा दिवसांत नळीवर तांबूस ठिपके येतात. शस्त्र कोरड्या कापडात, होल्स्टर खुंटीला.

मागून चिठ्ठी आलीय. 'रोकड नेणाऱ्या कांदा व्यापाऱ्याने कोणतं घ्यावं?' मी उलट विचारतो, रोकड अजून किती नेता? पैसे बँकेतून जात असतील तर तुम्हाला अर्जात कारण काय लिहायचं तेही जड जाईल. खरंच नेत असाल तर आधी वेळ आणि रस्ता बदला, सोबत माणूस घ्या. त्यानंतरही वाटलं तर पाऊण किलोचा पुडा, आणि तोही नाणं राहिलं तर.

काका, तुम्ही मघापासून दोनदा पुडा सरकवलात, मी बघत होतो. सोडू नका, आज घरी तसेच जा. आठ दिवस लावा. स्कूटरवर, मळ्यात, जेवताना, नातवाला उचलताना. नातू त्याला हात लावतो का, तेही बघा. नवव्या दिवशी मला फोन करा, मग आपण दुकानात जाऊ. बेदाणे तेवढे संपवू नका, वजन कमी होईल.