आधी तपासणी, मग कानाचं मशीन

(दृश्य: नेरुळ, विरंगुळा केंद्र, कॅरमचा बोर्ड)

नेरुळमधलं हे एक विरंगुळा केंद्र. कॅरम रंगलाय, पलीकडे पेपरवाचन चाललंय, पंखे फुल स्पीडवर. निळ्या शर्टातले काका बघा, समोरचा बोलायला लागला की मान वळवून उजवा कान पुढे करतात आणि नजर त्याच्या ओठांवर ठेवतात. वय ७३. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात प्रेसशॉपला, म्हणजे पत्रा ठोकणाऱ्या मशीनच्या गोंगाटात, सगळी नोकरी झाली, आणि त्या काळात कानात प्लग घालून काम करा असं सांगणारं तिथे कोणी नव्हतं. काका म्हणतात, "मला ऐकू येतं हो, पण हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात." ही तक्रार कानाच्या डॉक्टरांना रोजची आहे, आणि ती खरीच असते, आवाज येतो पण शब्द कळत नाही. वयाबरोबर कान कमी होतो तो बहुतेक वेळा वरच्या पट्टीपासून, म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाज आधी जातात, आणि स, श, थ, फ यांचा आवाज नेमका तिथलाच. आ, ओ, ऊ अगदी ठणठणीत ऐकू येतात, त्यामुळे माणसाला वाटत राहतं की आपला कान बरा आहे.

(दृश्य: घर, काकू कपाट उघडून डबी काढतात)

काकूंनी काढून दाखवलेलं हे यंत्र मोबाईलवर जाहिरात बघून मागवलेलं, दीड हजाराच्या आसपासचं. "अहो, तुम्ही दोन दिवस पण घातलं नाहीत," काकू म्हणतात, आणि काकांचंही बरोबर आहे, कारण हे कानाचं मशीन नाहीच, नुसता आवाज मोठा करणारं साधं यंत्र आहे. पंखा, मिक्सर, भांडी, काकूंची हाक, सगळं एकाच मापाने मोठं करतं. काकांना खालच्या पट्टीतलं आधीच बऱ्यापैकी ऐकू येतंय, ते आणखी चढलं आणि जे कमी पडत होतं ते तसंच राहिलं. शिवाय आवाज कुठवर चढू द्यायचा याची मर्यादा तुमच्या कानाप्रमाणे त्यात कोणी लावून दिलेली नसते, म्हणजे जेवढा कान शिल्लक आहे त्यालाही धोका. म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो, मशीन शोधायला निघू नका, आधी कान तपासायला निघा.

(दृश्य: वाशी, ईएनटी क्लिनिक, स्क्रीनवर कानाच्या आतलं चित्र)

स्क्रीनवर दिसतोय तो काकांचा डावा कान. तो तपकिरी गोळा म्हणजे साठलेला मळ. मळाने कान पूर्ण बंद झालेला असेल तर नुसता तो काढल्यावरच ऐकू यायला लागतं, मशीन लागतच नाही, अशीही माणसं असतात. काकांना लहानपणापासून कानात कोमट तेल घालायची सवय, ती डॉक्टरांनी बंद करायला सांगितली, आणि पिन, काडी, बड्स यातलं काहीच नको. आता मळ निघाला आणि मागे तो चकाकता पांढुरका पडदा दिसतोय, शाबूत आहे. पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल, मधल्या कानात पाणी साठलं असेल तर त्यावर औषधं आणि ऑपरेशन असतात, म्हणूनच दुकानाच्या आधी डॉक्टर. आणि अचानक, एक-दोन दिवसांत एखादा कान गेला तर ती इमर्जन्सी समजून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, होईल बरा म्हणून बसू नका.

(दृश्य: साउंडप्रूफ खोली, जाड दार बंद होतं, काचेपलीकडे काका)

ही खोली नीट बघून घ्या, कारण आमच्या मते सगळा निकाल इथेच लागतो. दार बंद झालं की बाहेरच्या रस्त्याची रहदारी पूर्ण गायब. काकांच्या कानाला हेडफोन, हातात बटन. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या ताई बाहेरून एकेक सूर सोडतायत, २५० हर्ट्झच्या जाड सुरापासून ८००० च्या बारीक सुरापर्यंत, आणि प्रत्येक सूर हळू हळू मंद करत नेतात, अगदी जेमतेम ऐकू येईल तिथपर्यंत. ऐकू आला की बटन दाबायचं. काका सुरुवातीला अंदाजानेच दाबत होते, परीक्षेत नापास होऊ या भीतीने बरेच जण तसं करतात. ताईंनी थांबवलं, "काका, घाई नको, खरंच आला तरच दाबा." नंतर कानामागच्या हाडावर ही छोटी पट्टी लावली, तिच्यातून कंपन थेट आतल्या कानाला जातं, बाहेरचा आणि मधला कान वगळून. दोन्ही पद्धतीचे आकडे जुळले तर दोष आतल्या कानाचा किंवा नसेचा. काकांचे जुळले.

मग शब्दांची परीक्षा. ताईंनी तोंडासमोर कागद धरलाय, ओठ दिसू नयेत म्हणून. "ताट." काका म्हणतात, "पाट." "साल." काका म्हणतात, "ताल?" काचेच्या अलीकडे काकू उभ्या आहेत.

(दृश्य: टेबलावर ऑडिओग्राम, ताईंचं बोट रेषेवर फिरतं)

हा ऑडिओग्राम, म्हणजे आत्ताच्या तपासणीचा आलेख. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. रेषा डावीकडे वर आहे, २००० हर्ट्झच्या पुढे घसरते आणि ४००० ला मोठा खड्डा. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांच्या कागदावर हा खड्डा हमखास दिसतो, म्हणजे काकांचा कारखाना अजून त्यांच्या कानात आहे. उभी मोजणी डेसिबलची, म्हणजे ऐकू यायला आवाज किती मोठा लागला याची, रेषा जितकी खाली तितका दोष जास्त: साधारण २५ पर्यंत ठीक, ४० पर्यंत सौम्य, ५५ पर्यंत मध्यम, ७० पर्यंत मध्यम-तीव्र, ९० पर्यंत तीव्र, त्यापुढे अतितीव्र. काका दोन्ही कानांनी मध्यममध्ये बसतात. हा कागद तुमचा आहे, तो मागून घ्या. फुकट तपासणी करून कागद हातात न देता थेट मशीन दाखवायला सुरुवात करणारी दुकानं आहेत, तिथे अडून बसा, कारण हाच कागद घेऊन दुसरीकडे भाव विचारता येतो. आणि तपासणाऱ्याची आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का तेही विचारा, ते विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

(दृश्य: काचेच्या टेबलावर ओळीने मांडलेली मशीनं)

डावीकडून, खिशात ठेवायचं वायरवालं, मग कानामागचं, मग बारीक वायरचं ज्यात स्पीकर कानाच्या नळीत जातो, आणि शेवटी हे शेंगदाण्याएवढं, पूर्ण कानात जाणारं. काकांचा हात सरळ शेंगदाण्याकडे गेला, लोकांना दिसायला नको म्हणून. ताईंनी त्यांना सेल बदलून दाखवायला सांगितलं. बोटं बघा. सेल दोनदा खाली पडला. छोट्या मशीनचा सेल पण छोटा, तो काही दिवसांतच संपतो, आणि मळ, घाम सगळं त्याच्याच तोंडाशी. कानामागचं मशीन हाताळायला सोपं, दुरुस्तीला सोपं, आणि पुढे कान आणखी कमी झाला तर आवाज वाढवायला त्यात जागा असते.

किंमत बोलायचीच झाली तर बेसिक डिजिटल मशीन एका कानाचं साधारण दहा-पंधरा हजारांपासून, आणि वर जायला लागलात तर लाखाच्या पुढे. फरक कशाचा, तर चॅनल (आवाजाच्या किती पट्ट्या वेगवेगळ्या लावता येतात ते), गोंगाट कमी करण्याची सोय, ब्लूटूथ, ॲप. अमेरिकेत मेम्फिस विद्यापीठातल्या संशोधकांनी सौम्य ते मध्यम दोष असलेल्या ज्येष्ठांना बेसिक आणि प्रीमियम दोन्ही मशीनं वापरायला देऊन बघितली, २०१४ साली ते छापून आलं, आणि बोलणं समजण्यात दोन्हीत म्हणावा असा फरक निघाला नाही. तुमचा दिवस घरात, टीव्हीसमोर, फोनवर आणि चार माणसांत जात असेल तर महागातलं घेण्याआधी बेसिक घालून बघा. रोज सभा-समारंभात, गर्दीत उठबस असेल तर वरचं मॉडेल विचारात घ्या. दोन्ही कान कमी असतील तर एका महागड्या मशीनपेक्षा दोन साधी बरी, आवाज कुठून येतोय ते दोन कानांनीच कळतं. काकांनी तेच केलं, कानामागची बेसिक डिजिटल जोडी, तीस हजारांच्या आत. बिलात टॅक्स वेगळा लावला असेल तर विचारा, कानाच्या मशीनवर जीएसटी शून्य आहे.

(दृश्य: कानात गुलाबी मसाला भरताना, मग घट्ट झालेला साचा बाहेर येतो)

हे माप. आधी पडद्यापुढे दोरा बांधलेला कापसाचा बोळा, मग हा मऊ मसाला, काही मिनिटांत घट्ट होतो आणि काकांच्या कानाचा हुबेहूब आकार बाहेर येतो. त्यावरून मोल्ड, म्हणजे मशीनचा कानात बसणारा भाग, बनतो. मोल्ड सैल असला की आवाज बाहेर गळतो, माइक तो परत पकडतो आणि शिट्टी वाजत राहते.

(दृश्य: कॉम्प्युटरवर आलेख, काका खुर्चीत, कानाला केबल)

आता तोच ऑडिओग्राम कॉम्प्युटरमध्ये आणि मशीन केबलने जोडलेलं. खालच्या पट्टीत जवळजवळ काहीच वाढवलं नाही, ३०००-४००० ला बरंच, हळू आवाज जास्त उचलायचा आणि मोठा कमी. ताईंनी मुद्दाम स्टीलचा चमचा टेबलावर आपटला, काका दचकले, परत कमी केलं. पैसे तुम्ही या वेळेचे देताय हे लक्षात ठेवा, आणि घेण्याआधी विचारा की अशा किती भेटी किमतीत धरल्यात. पहिले काही आठवडे स्वतःचाच आवाज घुमतो, नळाचं पाणी सुद्धा टोचतं, म्हणून आधी घरात शांत वेळी थोडे तास, मग वाढवत न्यायचं, आणि जे टोचतं ते लिहून पुढच्या भेटीत सांगायचं. हे न झाल्यामुळेच मशीनं कपाटात जातात. ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलणं सोडतो, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, टाळता येण्याजोग्या १४ जोखमींत श्रवणदोष धरलाय, तेव्हा पुढे ढकलू नका.

(दृश्य: रंगीत स्टिकरचे सेल, सिलिका जेलची डबी)

सेलचा रंग लक्षात ठेवला की पुरे, १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग घालायचा, हे सेल हवेवर चालतात. पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा मशीनला मारते, रात्री सेलचं झाकण उघडं ठेवून या ओल शोषणाऱ्या डबीत ठेवा, आंघोळीआधी आणि केसांना तेल लावताना काढून ठेवा.

(दृश्य: काका-काकू, नेरुळ स्टेशनचा जिना)

पैशाची अडचण असेल तर बांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या दोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून, तिथे कमी खर्चात तपासणी होते आणि दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत बसलात तर मशीन मोफत किंवा सवलतीत, नेरुळहून वडाळ्याला गाडी बदलायची, ठाण्याहून दादरला. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर ३००० रुपये एकदा खात्यात येतात, त्यात अख्खं मशीन येत नाही पण हातभार लागतो. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेची शिबिरं ६० वर्षांवरच्या गरजूंसाठी असतात, तिथे मशीन मोफत. केंद्र सरकारचे पेन्शनर सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेत विचारू शकतात, पण परवानगी आधी घ्या. आणि शिबिरात मिळालेलं मशीन सुद्धा नुसतं कानाला लावून घरी येऊ नका, तुमचा ऑडिओग्राम पुढे करा, त्याप्रमाणे प्रोग्रॅम करून मागा आणि मोल्डचं माप घेतल्याशिवाय खुर्चीतून उठू नका.