साप्पोरोच्या दारांवर दोन वर्षं

(पहाट. खिडकीच्या दुहेरी काचेपलीकडे बर्फ. फोनचा गजर.)

सकाळचे साडेसहा. जपानच्या उत्तरेला, होक्काइदो बेटावरचं साप्पोरो शहर. वस्ती जवळपास वीस लाख. वर्षाला सरासरी पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो, पण त्यामुळे इथं कुणाचं काही अडत नाही. शाळा भरते, बस येते, भुयारी रेल्वे वेळेवर सुटते.

भाड्याच्या या छोट्या घरात जमिनीवर दोन गाद्या अंथरल्या आहेत. कोपऱ्यात रॉकेलचा हीटर. एक मुलगा अमेरिकेतल्या युटा राज्याचा, वय १९. दुसरा जपानीच, ओसाकाकडचा, वय २२. गजर झाला की दोघं गादीवरच गुडघे टेकून प्रार्थना करतात. मग जोरबैठका. मग आंघोळ, पांढरा शर्ट, टाय आणि खिशावर काळी पट्टी. पट्टीवर आडनाव आणि चर्चचं नाव. पहिलं नाव त्यावर नसतं. दोन वर्षं हा मुलगा सगळ्यांसाठी ‘एल्डर’ आणि पुढे आडनाव. सोबत्यासाठीसुद्धा.

या दोघांची नावं आम्ही सांगणार नाही, कारण ही कुणा एका मुलाची गोष्ट नाही. ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’, म्हणजे आपण ज्यांना मॉर्मन म्हणतो त्यांचं चर्च. त्याचे ७० हजारांहून अधिक मिशनरी आज जगभर फिरतायत. त्यातले बहुतेक विशीच्या अलीकडचे-पलीकडचे. मुलं दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड वर्षासाठी. दिनक्रम इतका आखून दिलेला असतो, की एका जोडीचा दिवस पाहिला की हजारो जोड्यांचा पाहिल्यासारखा आहे.

(टेबलावर उघडी पुस्तकं. शब्दांची हातानं लिहिलेली कार्डं.)

नाश्ता झाला की अभ्यास. आधी एकट्यानं, मग जोडीनं, मग भाषेचा. युटाचा मुलगा निघण्यापूर्वी युटातल्याच प्रोव्हो इथल्या चर्चच्या प्रशिक्षण केंद्रात जपानी शिकला. पण तिथली जपानी वर्गातली. इथं रस्त्यावर आजोबा होक्काइदोच्या बोलीत, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले की पोरगा सोबत्याकडे बघतो.

कुठं जायचं हे त्यानं निवडलेलं नाही. अर्ज करायचा, डॉक्टरची तपासणी, चर्चच्या स्थानिक पुढाऱ्यानं घेतलेली मुलाखत, आणि मग सॉल्ट लेक सिटीच्या मुख्यालयातून बोलावणं येतं. ब्राझील असेल, घाना असेल, नाहीतर शेजारचंच आयडाहो. बोलावणं वाचताना अख्खं कुटुंब जमतं, मोबाइलवर चित्रण होतं. खर्च मात्र घरचाच. अमेरिकन कुटुंब २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर भरतं. आईवडील, काका, कधी मुलानं शाळेत असताना केलेल्या कामाचे पैसे. पगार नावाची गोष्ट नाही.

(रस्ता. दोन्ही बाजूंना कमरेएवढे बर्फाचे ढीग. दोघं चालतायत.)

उन्हाळ्यात सायकली. आता सायकली घरात, पाय बाहेर. नियम असा, की सोबत्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. दुकानात नाही, बसमध्ये नाही. सोबती तुम्ही निवडत नाही, आणि तो आवडला नाही म्हणून बदलूनही मिळत नाही. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी निघते, तोवर जुळवून घ्यायचं. दोन पिढ्यांपूर्वीच्या आपल्या ठरवून केलेल्या लग्नातसुद्धा माणसाला यापेक्षा जास्त मोकळा वेळ मिळत असावा.

मग दारं.

होक्काइदोतल्या बऱ्याच घरांना दारापुढे काचेची एक छोटी खोली असते, वारा आणि बर्फ अडवायला. तिच्या बाहेर उभं राहून बेल दाबायची. आतल्या माणसाला इंटरकॉमच्या पडद्यावर हे दोघं दिसतात. टाय, पट्टी, हसरे चेहरे. आवाज येतो, ‘केक्को देस.’ नको, राहू दे. बटण बंद. सगळं अत्यंत सभ्यपणे. कुणी दार आपटत नाही, शिवी देत नाही. वाद घालणारा माणूस निदान दोन मिनिटं देतो. हे बटण दोन सेकंदांत मिटतं.

यामागे कारणं आहेत. १९९५ मध्ये ओम शिनरिक्यो या पंथानं टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन हा विषारी वायू सोडला. २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली. मारेकऱ्याचा राग होता तो युनिफिकेशन चर्चवर, आईनं तिथं दिलेल्या देणग्यांमुळे घर धुळीला मिळालं म्हणून. त्यानंतर देशभर त्या चर्चच्या पैसे उकळण्यावर चर्चा झाली, आणि २०२५ च्या मार्चमध्ये टोकियोच्या न्यायालयानं ते बरखास्त करण्याचा आदेश दिला. मॉर्मनांचा या दोन्हींशी काही संबंध नाही. पण बेल वाजल्यावर पडद्यावर दोन अनोळखी धार्मिक पोरं बघणाऱ्या बाईंनी हा फरक करत बसावं, अशी अपेक्षा तरी कशी करणार?

(जुने कृष्णधवल फोटो. क्लार्क यांचा पुतळा, हात लांब क्षितिजाकडे.)

आणि तरी हे शहर ख्रिस्ती धर्माला अनोळखी नाही. १८७६ मध्ये विल्यम क्लार्क नावाचे अमेरिकन प्राध्यापक इथल्या कृषी महाविद्यालयात आले. जेमतेम आठ महिने राहिले, शेतीबरोबर बायबलही शिकवलं, आणि विद्यार्थ्यांकडून ख्रिस्तावरच्या श्रद्धेच्या प्रतिज्ञेवर सह्या घेऊन गेले. ते गेल्यावर आलेल्या तुकडीतल्या दोघांची नावं पुढे जपानभर झाली, उचिमुरा कान्झो आणि नितोबे इनाझो. यातल्या उचिमुरांनी मांडलं काय, तर चर्चविना ख्रिस्ती धर्म. पाद्री नको, संस्था नको, माणूस आणि ग्रंथ पुरे. ज्या मातीत हा विचार रुजला, तिथं जगातल्या सर्वांत काटेकोर संघटनांपैकी एकीचे शिपाई दारं वाजवत फिरतायत. आणखी एक गंमत म्हणजे, क्लार्क आले त्याच वर्षी इथं सरकारी बिअर कारखानाही सुरू झाला. साप्पोरो म्हटलं की जगाला आठवते बिअर, आणि आपल्या दोघांना ती वर्ज्य.

मॉर्मन मिशनरी जपानात आले १९०१ मध्ये, योकोहामा बंदरात. चौघे होते. पुढारी हीबर ग्रँट, जे नंतर चर्चचे अध्यक्ष झाले. सर्वांत धाकटा अल्मा टेलर, वय १९. आपल्या मुलाएवढाच. पुढच्या वर्षी पहिला बाप्तिस्मा झाला, टोकियोच्या उपसागरात, आणि तोही एका शिंतो पुजाऱ्याचा. पण नंतर ओघ काही वाढला नाही. टेलर १९१० पर्यंत राहिला. त्यानं मॉर्मनांचा ग्रंथ जपानीत आणला; इकुता चोको या तरुण साहित्यिकानं भाषा तपासली, आणि १९०९ मध्ये तो छापून आला. एवढं होऊन १९२४ मध्ये मिशन बंद झालं. बाप्तिस्मे थोडे, आदल्या वर्षी मोठा भूकंप, आणि जपान्यांना दार बंद करणारा अमेरिकेचा स्थलांतर कायदा. पुन्हा सुरू झालं ते महायुद्धानंतर, १९४८ मध्ये.

आपल्याकडेही ही मंडळी येऊन गेली आहेत. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला, पुण्याला गेला, तिथं एक छोटी मंडळीही जमवली. काही वर्षांत सगळं आवरलं. पुण्याला तेव्हा वाद घालायला दुसरे विषय भरपूर होते.

(एका घराचं आतलं दृश्य. कोतात्सू, म्हणजे रजई घातलेलं गरम टेबल.)

आज एक दार उघडलं आहे. सत्तरी ओलांडलेल्या आजी. यांचा नातू चर्चच्या फुकट इंग्रजी वर्गाला येतो, म्हणून ओळख. बाहेर उणे सहा. आजी दोघांना कोतात्सूत पाय घालून बसवतात आणि जपानी घरात पाहुण्यापुढे येतं ते आणतात, हिरवा चहा.

आता बघा. मॉर्मनांच्या आरोग्यनियमात दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा चालत नाही. नियम १८३३ चा, अमेरिकेतल्या ओहायोचा. तिथं जपानी पाहुणचाराचा प्रश्न कुणाच्या डोक्यात असणार? पण चर्चनं २०१९ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं, हिरवाही नाही. वाफाळता पेला समोर आहे, तो नाकारणं म्हणजे आजींचा अपमान. युटाचा मुलगा लालबुंद होतो. जपानी सोबती झुकून दोन वाक्यं बोलतो, स्वर अगदी खाली. आजी ‘हो का, हो का’ म्हणत आत जातात आणि मुगिचा आणतात. भाजलेल्या सातूचं पाणी. ते चालतं. पहिले दोन पेले आजी स्वतःकडे ओढून घेतात. टाकणार कशाला?

मग धर्माचं बोलणं. मुलगा गोष्ट सांगतो. १८२० मध्ये न्यूयॉर्क राज्यातला चौदा वर्षांचा जोसेफ स्मिथ रानात प्रार्थनेला गेला, आणि त्याला देव आणि येशू दिसले. वाक्य न् वाक्य पाठ आहे. पण शेवटी पाठांतर संपतं आणि त्याला स्वतःचं सांगायचं असतं. याला ते साक्ष देणं म्हणतात. तो म्हणतो, पंधराव्या वर्षी आजोबा गेले तेव्हा मी हा ग्रंथ वाचला, विचारलं हे खरं आहे का, आणि मन शांत झालं. क्रियापद चुकतं. आजी मान डोलावतात आणि विचारतात, आजोबा कशानं गेले?

पुढची वीस मिनिटं त्याच्या आजोबांवर. मग आजींच्या नवऱ्यावर. भिंतीपाशी बुत्सुदान आहे, घरातल्या पूर्वजांचा देव्हारा. फोटोपुढे भाताची छोटी वाटी. आजी विचारतात, तुमच्या धर्मात गेलेल्या माणसांचं काय करता?

इथं मिशनरी उजळतो, कारण याला त्याच्याकडे उत्तर आहे. मॉर्मन मृत पूर्वजांची नावं शोधतात, वंशावळी जुळवतात, आणि आपल्या मंदिरात त्यांच्या नावानं, त्यांच्या वतीनं बाप्तिस्मा घेतात. असं एक मंदिर साप्पोरोत २०१६ मध्ये झालं. याच प्रथेवरून वादही झाले आहेत. होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावानं असे विधी झाल्याचं उघड झालं, तेव्हा १९९५ मध्ये ते थांबवण्याचं चर्चला मान्य करावं लागलं. आजींना यातलं काही ठाऊक नाही. त्या एवढंच म्हणतात, गेलेल्यांची आठवण ठेवता ना, मग चांगलं आहे. आणि मुलं निघताना हातात संत्री देतात. बाप्तिस्म्याचा विषय निघतच नाही.

(चर्चची इमारत. पाण्याची टाकी भरते आहे.)

कधीतरी मात्र कुणी होकार देतं. हा होकार महाग आहे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा, रविवार चर्चला, आणि ऑफिसनंतर साहेबांबरोबरच्या पिण्याच्या बैठकीत फळांचा रस मागण्याची हिंमत. बाप्तिस्मा पूर्ण बुडवूनच होतो. पांढरे कपडे, ठरलेले शब्द, आणि दोन साक्षीदार टाकीशी उभे. एक शब्द चुकला किंवा बाहीचं टोक पाण्यावर राहिलं तर पुन्हा. युटाच्या मुलानं आत्तापर्यंत असा एक विधी केला आहे. बाईंच्या पायाचं बोट वर राहिलं आणि त्यांना दोनदा बुडावं लागलं. दुसऱ्यांदा वर आल्या तेव्हा त्या हसत होत्या आणि हा रडत होता.

सोमवार तयारीचा दिवस. कपडे धुणं, बाजार, मिसो रामेन, आणि घरी फोन. २०१९ पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनी. आता दर आठवड्याला. चित्रपट नाहीत, मुलींशी गाठीभेटी नाहीत. काही मुलं मध्येच परत जातात. कधी आजार, कधी नैराश्य, कधी श्रद्धाच आटते. युटातल्या छोट्या गावात वेळेआधी परतलेल्या मुलाकडे लोक कसं बघतात, ते त्याच्याशी बोलल्याशिवाय कळत नाही.

आमच्या मते या दोन वर्षांत सर्वांत जास्त घडतो तो मिशनरी स्वतः. रोज पन्नास नकार ऐकून संध्याकाळी पुन्हा ‘हे खरं आहे’ असं मोठ्यानं म्हणायचं. एकतर ते पोकळ होतं, नाहीतर हाडात मुरतं. चर्चला हे चांगलं ठाऊक असावं. पुढचे वडीलधारे, पुढचे पुढारी याच पोरांतून निघतात.

(सॉल्ट लेक सिटीचा विमानतळ. फुगे, फलक, धावत येणारी आई.)

युटाचा मुलगा परतेल तेव्हा असं स्वागत होईल. पुढे विद्यापीठ, आणि नोकरीच्या अर्जात अस्खलित जपानी. १९७१ मध्ये मिशनरी म्हणून जपानात आलेले केंट गिल्बर्ट पुढे वकील झाले आणि १९८० च्या दशकात जपानी दूरचित्रवाणीवरचे घराघरांत पोचलेले चेहरे.

ओसाकाच्या सोबत्याचं मात्र वेगळं आहे. त्यानं विद्यापीठातून सुट्टी घेतली आहे. वडील चर्चचे नाहीत; निघताना ते स्टेशनवर आले नाहीत. जपानात कंपन्या पदवीधरांना एकगठ्ठा, ठरलेल्या हंगामात घेतात, आणि रुजू व्हायचं एप्रिलमध्ये. बरोबरीची मुलं तेव्हा नोकरीच्या दुसऱ्या वर्षात असतील. काळा सूट घालून हा मुलाखतीला बसेल, आणि समोरचे तिघं अर्जातल्या त्या रिकाम्या दोन वर्षांवर बोट ठेवतील.

त्यानं उत्तर आत्ताच तयार करून ठेवलं आहे. आम्ही विचारलं तेव्हा त्यानं ते आधी जपानीत म्हणून दाखवलं, मग सोबत्याकडून इंग्रजी दुरुस्त करून घेतलं. ‘मी घरोघरी जाऊन काम केलं. नकाराची मला सवय आहे.’