पेडल स्वतःहून आवळतं, मग सुटतं का?

मंडळी, माझ्या हातात आहे ती सायकलची डावी क्रँक, म्हणजे पेडल जिच्या टोकाला बसतं तो दांडा. हिच्या भोकात बोट फिरवून पाहा, आटे हाताला लागत नाहीत. ही माझ्याच सायकलची. पेडल सैल झालं की मी आवळायचो, चार दिवसांनी पुन्हा सैल, पुन्हा आवळायचो. दोन महिने असं चाललं. मग एका चढावर उभा राहून जोर लावला आणि पेडल आट्यांचा चुरा घेऊन बाहेर आलं. मी रस्त्यावर पडलो. मागून गाडी येत नव्हती म्हणून गुडघ्यावर निभावलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: पेडल एकदा सैल झालं तर आवळा, दुसऱ्यांदा झालं तर आधी कारण शोधा. सैल पेडलवर मारलेला प्रत्येक पाय क्रँकचे आटे खात असतो.

कारण शोधायचं तर आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. नीट बसवलेलं पेडल चालवता चालवता सुटत नाही, उलट आवळत जातं. आत्ताच करून पाहा. डाव्या हाताची सैल मूठ करा, तिच्यात पेन धरा आणि उजव्या हाताने पेनाचं टोक गोल फिरवा. टोक ज्या दिशेने फिरतं, त्याच्या उलट दिशेने पेन स्वतःभोवती वळतं. दिसलं? पेडलचा आस क्रँकच्या भोकात हेच करतो. आटे कितीही घट्ट असले तरी केसभर जागा राहतेच. पायाचा दाब खालच्या दिशेने आणि क्रँक गोल फिरणारी, त्यामुळे भोकातला दाबाचा बिंदू सरकत राहतो आणि आस किंचित किंचित वळत जातो. उजवीकडे हे वळणं नेहमीच्या आट्यांना आवळणारं असतं. डावीकडे सगळं आरशातल्यासारखं, म्हणून तिथे उलटे आटे पाडलेले असतात.

घोळ इथेच होतो. सवयीने आपण डावं पेडलही घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवतो. आवळतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात ते सोडत असतो. एकच खूण लक्षात ठेवा. पान्याचा दांडा वर उभा ठेवा आणि पुढच्या चाकाकडे ढकला. दोन्ही बाजूंना पेडल आवळलं जातं. मागच्या चाकाकडे ढकललं की सुटतं. क्रँकच्या आतून ॲलन की, म्हणजे षटकोनी चावी, लावली तरी हेच लागू.

याहून वाईट म्हणजे उजव्याच्या जागी डावं पेडल बसवणं. आसाच्या टोकाला बहुधा एल किंवा आर कोरलेलं असतं. नसेल तर आस उभा धरा: आटे उजवीकडे चढत असतील तर पेडल उजवं, डावीकडे चढत असतील तर डावं. आस पोलादी आणि क्रँक ॲल्युमिनियमची असली, तर चुकीचं पेडलही जोर लावून दीड-दोन फेरे आत जातं, घट्ट लागतं आणि आपल्याला बसल्यासारखं वाटतं. आतले आटे मात्र तेवढ्यात कापले गेलेले असतात.

पाना उचलण्याआधी पेडल हलवून पाहा. एका हाताने क्रँक धरा, दुसऱ्याने पेडल. आस आणि क्रँक यांच्यामध्ये हालचाल असेल तर दोष आट्यांचा. आस स्थिर आणि पेडल डगडगत असेल तर बेअरिंगचा कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारा शंकूसारखा नट, सैल आहे. आणि क्रँकच हलत असेल तर तिला जागेवर धरणारा बोल्ट किंवा कॉटर पिन (पाचरीसारखी खीळ) तपासा. पेडल बिचारं निर्दोष असतं.

पेडल बोटाने फिरवूनही पाहा. छर्रे अडकत असतील तर पायाचा पीळ थेट आसावर येतो, आणि तो दोन्ही बाजूंना सोडणाऱ्या दिशेनेच असतो. अशा पेडलला आधी सफाई आणि ग्रीस हवं.

बसवताना दोन्हीकडचे आटे पुसून घ्या, ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार फेरे फक्त बोटांनी द्या. बोटांनी जात नसेल तर थांबा, आटे तिरके धरले गेलेत. बहुतेक मोठ्या सायकलींचं माप ९/१६ इंच आणि इंचाला २० आटे असं असतं, एकसंध क्रँकवर (दोन्ही क्रँक आणि मधला आस एकाच तुकड्याचे) आणि बऱ्याच लहान मुलांच्या सायकलींवर १/२ इंच. शेवटी १५ मिलिमीटरचा पाना घेऊन ३५ ते ४० न्यूटन-मीटर आवळा; २० सेंटिमीटरच्या दांड्यावर साधारण १८-२० किलोचा भार. आसाचा कडा क्रँकला सपाट टेकलाच पाहिजे. फट उरली तर बसलंच नाही असं समजा.

फक्त तोंडाचे आटे दुमडले असतील तर त्याच मापाचा आणि त्याच बाजूच्या आट्यांचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मागच्या, शाबूत बाजूने फिरवून ते सरळ करता येतात. आटे झडलेच असतील तर आटे धरणारं चिकट द्रव ओतू नका, जिथे धातूच उरला नाही तिथे ते काय धरणार? मग भोकात आतून आटे असलेलं पोलादी बुश (नळीसारखं अस्तर) बसवून घ्या किंवा क्रँकच बदला.

बसवल्यानंतर पहिला फेरफटका मारून आलात की पाना पुन्हा लावून पाहा. थोडंसं आवळलं गेलं तर चालेल. पण आस आणि क्रँक यांच्यात पुन्हा फट दिसली, तर त्या क्रँकवर दुसरा फेरफटका मारू नका.